नुसती होडी हवी, खलाशी नको

इंदू गेल्याची बातमी मला एस.टी.च्या कंडक्टरनं दिली. मुरबाडहून शहापूरला जाणारी सकाळची गाडी किन्हवलीला थांबते, तेव्हा मी शाळेच्या वाटेवर असते. रोज तो दारातून हात वर करतो. त्या दिवशी खाली उतरून माझ्यापाशी आला. "बाई, मुरबाडच्या नर्सबाय गेल्या. पहाटं. कावील डोक्यात गेली म्हनं. तुमाला सांगायला सांगितलंय." मी विचारलं, कोणी सांगितलं? तो म्हणाला, "आता कोनाचं नाव घेऊ... सगला दवाखानाच भायेर उभा हाय." मी शाळेत चिठ्ठी पाठवली आणि समोरून आलेल्या गाडीनं मुरबाडला गेले. चौदा वर्षं जिनं त्या तालुक्यातली बाळंतपणं केली, ती इंदुमती, माझी मैत्रीण, दवाखान्याच्या मागच्या खोलीत पांढऱ्या चादरीखाली होती. पन्नाशीही गाठली नव्हती तिनं.

त्या दिवशी मी रडले. राग नंतर आला. आठवड्याभरानं तालुक्याच्या साप्ताहिकात तिच्यावर चार ओळी छापून आल्या. सेवाभावी, मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष... हे सगळं होतंच. आणि शेवटी एक वाक्य होतं, "सागरसफरीची आवड असलेल्या आपल्या बंधूंसमवेत त्यांनी एकदा कोकणात नौकाविहारही केला होता." मी ते वाक्य तीनदा वाचलं. नौकाविहार! नौकाविहार तळ्यात करतात, हातात कमळ घेऊन. आणि बंधूंसमवेत! पुढे दवाखान्याच्या पटांगणात शोकसभा झाली. तिथे तेच बंधू, वसंतदादा, उभे राहिले आणि "एकदा भर समुद्रात आम्ही अडकलो तेव्हा मी धाकट्या बहिणीला धीर देऊन होडी कशी वाचवली" ते त्यांनी भरल्या डोळ्यांनी सांगितलं. लोकांनी डोळे पुसले. मी तिसऱ्या रांगेत बसले होते, आणि गप्प बसले होते. अशाच एका वेळी मी पूर्वीही गप्प बसले होते, आणि त्याची शिक्षा इंदूला झाली. म्हणून हा लेख. तिला जाऊन आता पाच आठवडे झाले आहेत.

इंदूची नि माझी ओळख शाळेत झाली. ती देवीची लस टोचायला आली, आणि पोरं खिडकीतून उड्या टाकून पळाली. इतर नर्सबाया असत्या तर शिपायाला पिटाळलं असतं. ही ओट्यावर बसली आणि मोठ्यानं मला सांगायला लागली, की तिच्या वडिलांचा मचवा कसा होता, शीड भरलं की तो कसा एका अंगावर कलायचा, आणि डोळे मिटून नुसत्या वाऱ्याच्या स्पर्शानं वडील कसे सुकाणू धरायचे. दहा मिनिटांत पोरं एकेक करून परत आली. गोष्ट पुरी व्हायच्या आत तिनं सगळ्यांचे दंड टोचले होते. आमच्या डोंगराकडच्या पोरांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर मीही पाहिला नव्हता... म्हणजे मुंबईला चौपाटीवरून पाहिला होता, ते काही पाहणं नव्हे.

ती अर्नाळ्याकडची. वडील तांडेल, मचव्याचे मुख्य नावाडी. घरात थोरला मुलगा वसंता आणि धाकटी इंदू. वसंताला होडीत पाय ठेवला की उलटी व्हायची. दोन-तीनदा प्रयत्न करून वडिलांनी नाद सोडला, त्याला शिकायला मुंबईला मामाकडे पाठवलं, आणि सोबतीला मुलीला घ्यायला लागले. सात ते तेरा वर्षांची होईपर्यंत ती वडिलांबरोबर समुद्रावर होती. मग ती 'मोठी' झाली, आणि एका दिवसात होडी बंद. "मला कोणी विचारलंसुद्धा नाही गं," ती म्हणायची. "सकाळी निघाले तर आईनं दार लावून घेतलेलं." पुढे वडील गेले, मचवा विकला गेला, ती नर्सिंग शिकली आणि नोकरीनं तिला आणून टाकलं कुठे, तर मुरबाडला. आगगाडीसुद्धा नाही जिथे, तिथे भरती-ओहोटी कुठली!

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आदल्या पावसाळ्यात तिनं मला सांगितलं, "कुसुम, पुढच्या माघात आपण होडी भाड्यानं घ्यायची. नुसती होडी. खलाशी नको. मी चालवीन, तू हाताखाली." मला वाटलं, अर्नाळ्याला जायचं म्हणतेय. तर नाही. अर्नाळ्याला सगळे ओळखतात, तिथे तिच्या हातात सुकाणू कोण देणार? तिनं दाभोळची खाडी निवडली होती, जिथे तिचं कोणी नाही आणि जिथलं पाणी तिनं कधी पाहिलेलं नाही. "अनोळखी पाण्यात जायचं तर आधी ते कागदावर ओळखीचं करून घ्यायचं असतं. बाबा तसंच करायचे," असं म्हणून तिनं एक चाळीस पानी वही काढली.

त्या वहीचे सात महिने मी पाहिले आहेत. दिवसभर दवाखाना, रात्री-अपरात्री कातकरी वाड्यांवर बाळंतपणं, आणि मधल्या वेळात पोस्टकार्डं. दाभोळच्या पोस्टमास्तरला, अंजनवेलच्या शाळेला, तिथल्या दवाखान्यातल्या नर्सला, आणि आमच्या मुरबाड डेपोत बदलून आलेल्या गुहागरच्या एका ड्रायव्हरच्या काकाला. प्रत्येकाला वेगळे प्रश्न. भरतीत कोणते खडक पाण्याखाली जातात? गोड्या पाण्याची विहीर किनाऱ्यापासून किती लांब? कोणत्या बाजूला चिखल आहे आणि कोणत्या बाजूला वाळू? खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे म्हणतात, तो ओहोटीला उघडा पडतो का? शाळेच्या मास्तरांनी तर तीन पानी उत्तर पाठवलं, खडकांचं चित्र काढून. त्या अनोळखी माणसानं इंदूला एकदाही विचारलं नाही, की बाई, तुम्हाला हे कशाला हवंय. आजही त्यांची आठवण आली की मन निवतं. बाकी सगळ्यांनी तेवढंच विचारलं.

मुरबाडच्या पोस्टातून कार्डं जायची, त्यामुळे बाजारपेठेला सगळी बातमी. किराण्याच्या दुकानात एकानं मला ऐकवलं, "काय बाई, काळू नदीतनं दाभोळला जानार काय तुमी?" आणि आजूबाजूचे हसले. इंदू मला काळू नदीच्या डोहात पोहायला शिकवत होती, त्यावरून पंचायतीत तक्रार गेली. बायका साडी नेसून पाण्यात पडतात यानं गावाला नक्की काय होतं, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही. रजेचा अर्ज घेऊन गेली, तेव्हा दवाखान्याचे डॉक्टर म्हणाले, "होडीत बसायला रजा? लग्नाला मागितली असतीस तर लगेच दिली असती." पाच वर्षांत तिनं एक दिवस घरी बसून काढला नव्हता. ती अर्ज टेबलावर ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "लग्नाला किती दिवसांची दिली असती?" ते म्हणाले, आठ. "मग तेवढीच द्या." मिळाली.

फक्त दवाखान्यातली आया, भागी, तेवढी गंभीरपणे विचार करायची. भागी कातकरी वाडीवरची. तिनं माहुलीचा डोंगर सोडून काही पाहिलं नव्हतं, पण तिला मुद्दा बरोबर कळला होता. "जाशील ती जाशील बाय. पन माघारी कशी येशील, त्ये लिवलंस का वहीत?" इंदू आनंदानं उसळली. "बघ! हिला कळतं. अगं भागी, सगळी वही त्याचीच आहे." आणि तिनं आम्हा दोघींना समजावून सांगितलं. माघात सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, तो मतलई वारा. दुपारी उलटा, समुद्रावरून जमिनीकडे, वायव्येचा. दक्षिणेला जाताना दुपारचा वारा पाठीशी असतो, मजेत जाता येतं. उत्तरेला परत येताना तोच वारा तोंडावर. म्हणून परतीला पहाटेच निघायचं, मतलई वाऱ्यावर. आणि भरती असतानाच खाडीत शिरायचं, कारण ओहोटीचं पाणी बाहेर पडत असताना दुपारचा वारा समोरून आला, की वाळूच्या दांड्यावर लाटा उभ्या राहून फुटतात. भरतीची वेळ पंचांगावरून काढायची, तिथीची पाऊणपट. दशमीला साडेसात, त्रयोदशीला पावणेदहा. मी आकडेमोड करून पाहिली, बरोबर येत होती. गणित शिकवत होते मी, पण पंचांगात समुद्र असतो हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

आता होडीमालकाबद्दल. त्याचं नाव-गाव मी देत नाही. गेला असेल किंवा असेल. इंदूनं त्याला लिहिलं होतं, "नुसती होडी हवी, खलाशी नको." त्याचं पहिलं उत्तर चटकन आलं. होडी आहे, शीड नवं आहे, दोन वल्ही आणि नांगर आहे, अवश्य या, मंडळी किती? तिनं कळवलं, दोन स्त्रिया. महिनाभर उत्तर नाही. मग कार्ड आलं. ते माझ्या अजून डोळ्यांपुढे आहे. "बायामाणसांच्या हाती होडी देण्याची आमच्याकडे रीत नाही. जबाबदार पुरुषाची सही आणि सोबत असल्यास देऊ." मी म्हटलं, सोडून दे. तिनं वही मिटली, उघडली, परत मिटली. कोणाला बोलवायचं? वडील नाहीत, नवरा नाही. मुंबईच्या कचेरीत कारकून असलेला, होडीत पाय ठेवताच ओकणारा वसंतदादा तेवढा 'जबाबदार पुरुष' उरला. तो बहिणीच्या मायेनं यायला तयार झाला, हे मी नाकारत नाही. त्याला समुद्राची भीती वाटायची आणि तरी तो आला. पण जिनं खडकन् खडक पाठ केला तिची सही चालत नाही, आणि ज्याला उजवं-डावं वल्हं कळत नाही त्याची चालते, ही रीत कोणी घातली, हे मला त्या होडीमालकाला विचारायचं होतं.

आम्ही आटगावला आगगाडी धरली, मुंबईत दादा भेटला, भाऊच्या धक्क्यावरून आगबोट. दाभोळला उतरलो तर मालकानं दुसरीच होडी पुढे केली. शिडाला ठिगळं, तळाला डांबराचे ताजे थर. मालक दादाशी बोलत होता. इंदूनं पदर खोचला, होडीत उतरली आणि तळाच्या फळ्या बोटांच्या पेरांनी एकेक करून वाजवत गेली, जशी पोट वाजवून बघायची तशी. एका फळीशी थांबली. "ही कुजलीय. पत्रात लिहिलेली होडी कुठे आहे?" मालक दादाकडे बघून म्हणाला, "भाऊसाहेब, काय म्हणता?" दादा म्हणाला, "चालेल हो, चार दिवसांचा तर प्रश्न." इंदू म्हणाली, "नाही चालणार." ती होडीतून बाहेर येईना. शेवटी अर्ध्या तासानं खरी होडी आली. कागदावर सही दादानं केली. इंदूनं पेन पुढे केलेलं मी पाहिलं होतं, मालकानं ते घेतलंच नाही.

पण त्यानंतरचे तीन दिवस... ते माझ्या आयुष्यातले सर्वांत सुंदर दिवस आहेत, आणि रागाच्या भरात मला ते विसरायचे नाहीत. मुरबाडची नर्सबाई नऊवारीचा काष्टा घालून सुकाणूपाशी बसली आणि कोणी दुसरीच झाली. दवाखान्यात ती भराभर बोलायची, भराभर चालायची. होडीत तिचा आवाज खाली आला, हात सावकाश झाले. पहिल्या दिवशी दुपारच्या भरतीवर आम्ही खाडीतून आत गेलो, दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर. दुसऱ्या दिवशी ओहोटीबरोबर बाहेर. तिनं वहीत लिहिलेला प्रत्येक खडक लिहिलेल्या जागी निघाला. निघाला की ती लहान पोरीसारखी हसायची, "आहे! मास्तरांचा खडक आहे!" तिसऱ्या दिवशी खाडीतून बाहेर समुद्रात निघालो आणि वाऱ्याबरोबर दक्षिणेला बोऱ्या बंदराच्या आडोशाला गेलो. मध्येच तिनं माझ्या हातात सुकाणू दिलं. शीड फडफडलं, होडी डगमगली, दादानं दोन्ही हातांनी काठ धरला. ती म्हणाली, "घाबरू नकोस. वारा कानावर घे." मी डोकं वळवलं, वारा कानावर आला, आणि होडी सरळ झाली. मी, किन्हवलीच्या प्राथमिक शाळेतली मास्तरीण, अरबी समुद्रात होडी चालवत होते.

परतीचा दिवस माघ वद्य त्रयोदशीचा. भरती पावणेदहाला. पहाटे पाचला निघायचं, हे वहीत दोन रेघा मारून लिहिलेलं. बोऱ्याला एका घरी आम्ही उतरलो होतो. पाचला इंदू नि मी सामान घेऊन किनाऱ्यावर, आणि दादाचा पत्ता नाही. त्याला यजमानांनी घावने खाऊन जा म्हटलं होतं. "आग्रह केलाय, नाही कसं म्हणायचं?" मग अंघोळीला कढत पाणी, मग गावातल्या कोणा पुढाऱ्याची भेट. इंदू दोनदा बोलवायला गेली. दुसऱ्यांदा तो सगळ्यांदेखत म्हणाला, "समुद्र कुठे पळून जातोय का?" ती परत येऊन उभी राहिली आणि मतलई वाऱ्यावर निघून चाललेली वेळ बघत राहिली. निघालो तेव्हा साडेसात वाजून गेले होते. दहाच्या सुमारास वारा पडला. तासभर वल्ही मारली, तिनं आणि मी. मग समोरून वायव्येचा वारा सुरू झाला. खाडीच्या तोंडाशी पोचलो तर साडेबारा, ओहोटी ऐन भरात.

पलीकडे गाव दिसत होतं, घरांची कौलं दिसत होती. आणि मध्ये, पाण्यात, एक पांढरी रेघ. ती रेघ उठायची, पडायची, आणि काही क्षणांनी आवाज यायचा. इंदू म्हणाली, "आत्ता आत जायचं नाही. मागे फिरून त्या डोंगराच्या आडोशाला नांगर टाकायचा. पाणी फिरलं की जाऊ, चारनंतर." वहीत हेही लिहिलेलं होतं, आत जाता आलं नाही तर कुठे थांबायचं. दादाची अवस्था वाईट होती, सकाळचे घावने केव्हाच समुद्रात गेले होते. तो ओरडला, "समोर गाव दिसतंय आणि तू मागे फिरतेस? चार तास? मी मरेन इथे!" ती शिडाचा दोर सोडवायला पुढे गेली तेवढ्यात त्यानं सुकाणू धरलं आणि होडीचं तोंड सरळ त्या पांढऱ्या रेघेकडे वळवलं. "सही माझी आहे! मी सांगतो तसं!" हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले आहेत.

पहिली लाट होडीच्या नाकाखाली शिरली आणि आम्ही वर उचललो गेलो. खाली येताना अर्धी होडी पाण्यानं भरली. माझ्या तोंडात, नाकात खारं पाणी. दादाच्या हातून सुकाणू सुटलं आणि तो तळाशी बसून "आई, आई" म्हणायला लागला. होडी आडवी व्हायला लागली होती. आडवी झाली असती तर दुसऱ्या लाटेनं उलटवलीच असती, एवढं मला सात महिन्यांत कळायला लागलं होतं. इंदू कशी मागे आली ते मला दिसलं नाही. दिसलं ते एवढंच, की ती सुकाणूवर छाती टेकून वाकली होती आणि मला सांगत होती, "कुसुम, दोर ओढ. माझ्याकडे बघ, लाटेकडे बघू नकोस. ओढ!" मी ओढला. तळहाताची साल निघाली. शीड भरलं, होडी लाटेच्या अंगावरून वळली आणि बाहेर खोल पाण्याकडे धावली. मग ती दादाकडे वळून अगदी दवाखान्यातल्या आवाजात म्हणाली, "दादा, तो तांब्या घे आणि पाणी उपस." त्यानं उपसलं.

डोंगराच्या आडोशाला आम्ही चार तास थांबलो. इंदूनं दादाला आपल्या शालीत गुंडाळलं, लिंबाची फोड चोखायला दिली. पाचच्या सुमाराला भरतीचं पाणी आत ओढू लागलं, ती पांढरी रेघ पुसली गेली होती, आणि आमची होडी एखाद्या बाळाला कडेवर घेऊन जावं तशी खाडीत गेली.

धक्क्यावर माणसं जमली होती. मालक सर्वांत पुढे. तो डोंगरावरून बघत होता म्हणे. दादा पहिला उतरला, आणि मालकानं त्याचे दोन्ही हात धरले. "वा भाऊसाहेब! बरोबर वेळेला मागे फिरलात. आमचे खलाशीसुद्धा चुकतात हो तिथे!" दादाच्या ओठांवर मीठ सुकलं होतं. तो एक क्षण थांबला... मला अजून वाटतं, त्या एका क्षणात तो खरं सांगणार होता. मग म्हणाला, "आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या समुद्रच आहे." इंदू शीड गुंडाळत होती. ती मान वर करून म्हणाली, "सुकाणू माझ्याकडे होतं." माणसं हसली. मालक कौतुकानं म्हणाला, "हो, हो! तुमचीही मदत झालीच असणार ताई." तिनं माझ्याकडे पाहिलं. तिसरी साक्षीदार मीच होते. बोलायचं होतं एवढंच, की ती खरं सांगतेय. पण समोर दहा-पंधरा परके पुरुष, अंगावर ओली साडी, आणि दादा आजारलेला. मनात आलं, कशाला आता... जिवंत आलो हेच पुष्कळ. मी खाली बघितलं. इंदूनं शीड गुंडाळून पुरं केलं.

हे एवढ्यावर संपलं असतं तर मी आज लिहिलं नसतं. पुढच्या वर्षी तिनं पुन्हा वही काढली. या वेळी आणखी दक्षिणेला, आम्ही दोघीच. त्याच मालकाला लिहिलं, की होडी सुखरूप परत केली होती, आता विश्वास ठेवायला हरकत नाही. उत्तर आलं. "आपले बंधू सोबत असतील तर होडी अवश्य देऊ. त्यांचं कसब मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं आहे. ते नसल्यास क्षमस्व." दुसऱ्या गावच्या दोघांना विचारलं, तर त्यांनी याच्याकडे चौकशी केली आणि तेच कळवलं. ते कार्ड तिनं मला दाखवलं तेव्हा आम्ही मुरबाडच्या स्टँडवर बाकावर बसलो होतो. कार्ड तिनं पिशवीत ठेवलं. मग म्हणाली, "कुसुम, धक्क्यावर तू माझ्या शेजारीच उभी होतीस." एवढंच. पुन्हा कधी तो विषय तिनं काढला नाही. पुन्हा ती समुद्रावरही गेली नाही. माझ्याशी तिची मैत्री पूर्वीसारखीच राहिली, आणि ते मला जास्त लागलं.

वसंतदादा, हे तुम्ही वाचाल. तुम्ही वाईट नाही. बहिणीला दर दिवाळीला साडी पाठवलीत, तिच्या आजारपणात उशाशी बसलात, हे मी पाहिलं आहे. पण त्या दिवशीचं तुम्ही जे घेतलंत ते तिचं एकुलतं एक होतं. गावानं हसून, डॉक्टरांनी टोमणा मारून, मालकानं सही नाकारून तिच्याकडून जे काढून घेता आलं नव्हतं, ते तुम्ही एका वाक्यानं घेतलंत आणि दहा वर्षं सांगत राहिलात. शोकसभेतसुद्धा! तिच्या फोटोला हार घातलेला, आणि तिच्यासमोर! आणि मी ते घेऊ दिलं. तुमच्या एका वाक्याइतकंच माझं गप्प बसणंही त्यात आहे. माझ्याकडून मी आज लिहून देते की सुकाणू इंदूच्या हातात होतं. तळहातावरची साल गेल्याची खूण अजून आहे, कोणालाही दाखवीन. साप्ताहिकाच्या संपादकांना मी हेच लिहून पत्र पाठवलं होतं. "जागेअभावी" त्यांनी ते छापलं नाही. नौकाविहाराला मात्र जागा झाली होती.

गेल्या रविवारी भागी मला तिच्या वाडीवर घेऊन गेली. तिच्या नातीला मुलगी झाली आहे, पंधरा दिवसांची. इंदू गेल्यानंतर वाडीवर झालेलं हे पहिलं बाळंतपण. कुडाच्या घरात शिरले तर आत आढ्याला लुगड्याची झोळी टांगलेली, आणि झोळीत मूठभर पोर झोपलेलं. माझी नजर वर गेली. झोळीचा दोर आढ्याला ज्या गाठीनं बांधला होता ती मी ओळखली. होडीचा दोर बांधायची गाठ. कितीही ओढ बसली तरी सरकत नाही, घट्ट आवळत नाही, आणि सोडायची म्हटलं तर एका बोटानं सुटते. पूर्वी इकडे झोळ्या कशाही बांधायचे, पोरं पडायची, डोकी फुटायची. मी त्या नातीला विचारलं, ही गाठ तुला कोणी शिकवली? आजीनं, ती म्हणाली. आणि आजीला?

तिला प्रश्नच कळला नाही. एवढं ठाऊक नाही या बाईला, अशा नजरेनं तिनं माझ्याकडे पाहिलं.

"अशी कशी गो तू मास्तरीन," ती म्हणाली. "ही नर्सबायची गाठ हाय. तिचीच. आमच्या आख्ख्या वाडीत दुसरी गाठ कोनी बांधीत नाय."

आणि तिनं पायानं झोळीला हलकेच झोका दिला.